मध्यवस्तीत, परवडणाऱ्या दरात, न्याहारीसकट मुक्काम: तुमचे अनुभव सांगा

पारिजात:

परवा मैत्रिणीचा फोन आला. आईला घेऊन लंडनला निघालीय, मध्यवस्तीतल्या हॉटेलांचे दर बघून तिच्या पोटात गोळा आला होता. मी 2023 साली माझ्या आईला घेऊन तिथे जाऊन आले, म्हणून तिने विचारलं. तासभर बोललो तरी सांगायचं संपेना. मग वाटलं, तुम्हा सगळ्यांनाच विचारावं. शहराच्या मध्यभागी, एखाद्या घरात किंवा घरासारख्या छोट्या जागेत, सकाळच्या खाण्यासकट राहिला असाल तर इथे लिहा. चांगलं लिहा, फसगत झाली असेल तर तीही लिहा. सुरुवात माझ्यापासून.

आमचं घर लंडनच्या मध्यवस्तीत, ब्लूम्सबरीत होतं. हीथ्रो विमानतळाहून भुयारी रेल्वेच्या पिकाडिली लाइनने थेट रसेल स्क्वेअरला उतरायचं, गाडी बदलायची नाही. त्या स्टेशनात लिफ्ट आहे, तिनेच वर या. जिना सुमारे 175 पायऱ्यांचा आहे. घर चार मजली, अरुंद, आणि घरात मात्र लिफ्ट नाही. मी बुकिंग करताना 'वयस्कर बाई सोबत आहेत, खालची खोली द्या' असं लिहून कळवलं होतं, म्हणून निभावलं. आमच्या दोघींच्या ब्रिटिश म्युझियमला आणि युस्टन स्टेशनला रोज पायी चकरा व्हायच्या. दुपारी आईचे पाय दुखले की परत येऊन तासभर पडायचं, चारला पुन्हा बाहेर. लांबच्या स्वस्त हॉटेलात राहिलो असतो तर ही दुपारची विश्रांती मिळाली नसती. 68 वर्षांच्या माणसाला घेऊन फिरताना तीच सगळ्यात मोलाची.

न्हाणीघर अर्ध्या जिन्यावर, दोन खोल्यांत मिळून एक. पहिल्या रात्री आई आत गेली आणि अंधारातून हाक आली, "अगं, बटण कुठंय?" भिंती चाचपल्या, बटण नाहीच. छतातून एक पांढरी दोरी लोंबत होती, ती ओढली की दिवा. बेसिनला दोन नळ, एक कढत, एक बर्फासारखा, मध्ये काही नाही. आईने दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंकडून एक मग मागून घेतला आणि प्रश्न मिटवला.

न्याहारी तळघरातल्या खोलीत. अंडी, बेकन, सॉसेज, बीन्स, टोमॅटो, मशरूम, टोस्ट असा मोठा बेत असतो. आई शाकाहारी. मालकीणबाईंनी आदल्या रात्रीच विचारून घेतलं आणि तिचे मशरूम-टोमॅटो वेगळ्या तव्यावर लोण्यात परतले. ते वेगळेपण त्यांनी आपणहून पाळलं, हे मी विसरणार नाही. बीन्स चाखून आई म्हणाली, "ही तर गोडसर उसळ." तिसऱ्या दिवसापासून आमची लिंबाच्या लोणच्याची बरणी त्यांच्या टेबलावरच राहायला लागली. रात्री जेवायला युस्टनमागची ड्रमंड स्ट्रीट. तिथे भेळपुरीपासून थाळीपर्यंत शाकाहारी जेवण मिळतं.

आई आयुष्यभर शिक्षिका. तिला राजवाडे बघायचे नव्हते, बाबासाहेब 1921-22 मध्ये जिथे राहिले ते 10, किंग हेन्रीज रोड बघायचं होतं. महाराष्ट्र शासनाने ते घर 2015 मध्ये घेतलं. युस्टनहून नॉर्दर्न लाइनने चॉक फार्म, पुढे थोडं चालायचं. सकाळी पोटभर खाऊन निघालो आणि दुपारपर्यंत तिथेच होतो. परत आल्यावर मालकीणबाईंनी विचारलं, कुणाचं घर? आईने तिच्या शाळेतल्या इंग्रजीत त्यांना सगळं सांगितलं, महाडच्या तळ्यापासून. चहा गार झाला, पण दोघी उठल्या नाहीत.

सह्यभ्रमर:

आमची फसगत. अ‍ॅमस्टरडॅम, कालव्याकाठचं जुनं घर, फोटो सुरेख. वर्णनात 'तिसरा मजला' लिहिलेलं मी वाचलं होतं, पण तिथले जिने म्हणजे काय ते माहीत नव्हतं. किल्ल्यावरची वाट असावी तसा उभा जिना, पाऊल तिरकं टाकावं तेव्हा पायरीवर मावतं. त्या घरांच्या माथ्यावर पुढे आलेली तुळई आणि हूक दिसतो ना, तो त्यासाठीच आहे: सामान जिन्यातून जात नाही म्हणून दोराने खिडकीतून वर घेतात. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते. मालकाने हात वर केले, खोली बदलून दिली नाही, पैसेही नाहीत. बाबा तीन दिवस सकाळी एकदा उतरायचे आणि रात्री एकदा चढायचे, ते बसून, एकेक पायरी. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं, कारण एक निरोप पाठवून विचारलं असतं तर टळलं असतं.

दुसरं, पर्यटक कर. तिथे 2024 पासून खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के आहे. आम्ही पाहिलेल्या दरात तो धरला नव्हता, पोचल्यावर मागितला. युरोपात बुकिंग करताना हा कर आत आहे की वेगळा, ते बघाच.

न्याहारी मात्र माझ्या मुलाला इतकी आवडली की विचारू नका. पावाला लोणी लावून वर चॉकलेटचे बारीक दाणे पेरतात, आणि मोठी माणसंही तेच खातात.

अबोली:

लांबचं नाही, पणजीचं लिहिते. फोंतेन आणि मळा, तिथल्या जुन्या वस्त्या. दोघी बहिणी ऐन जुलैत गेलो, तेव्हा दर उतरलेले असतात. कदंब बसच्या स्टँडवर उतरलो, पाटोहून खाडीवरचा पूल ओलांडला, छत्री सांभाळत पंधरा मिनिटांत दारात. रिक्षा लागली नाही.

पिवळी, निळी, तांबडी घरं सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असतात. पण सकाळी साडेसहाला ती गल्ली कशी असते ते तिथे झोपल्याशिवाय कळत नाही. आधी पागोळ्यांचा आवाज, मग दुरून पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा, आणि एकेक दार उघडतं. आमच्या आंटी गाऊनवर शाल घेऊन टोपली पुढे करायच्या. पोई, म्हणजे तिथला पाव, गरम असायची, वर कोंडा लागलेला, मधे पोकळ. ती फाडून आत पातळ भाजी, सोबत अंडं, आणि ताट रिकामं दिसलं की "आनीक एक दिवूं?" नाही म्हणायची सोय नव्हती.

न्याहारीनंतर पाऊस थांबला की वर मळ्याच्या मारुतीला जायचं, उतरताना सेंट सेबॅस्टियनचं कपेल, म्हणजे छोटं चर्च. तिथला क्रूस मुळात जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला, आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. आंटींनीच सांगितलं, नीट बघून या म्हणून.

एक कळकळीची विनंती. तिथे लोक राहतात. आंटींच्या समोरच्या घरातले आजोबा खिडकी उघडत नाहीत, कारण दिवसभर त्यांच्या ओट्यावर कुणीतरी फोटोसाठी उभं असतं. फोटो काढू नका अशा पाट्या लावाव्या लागल्यात लोकांना. आपण पाहुणे म्हणून राहतो ना, मग शेजाऱ्यांचीही तेवढी बूज राखायला हवी.

भटकी:

दिल्लीचा छोटा अनुभव. मुलीची मुलाखत होती, महाराष्ट्र सदनात जागा मिळाली नाही. करोल बागेत एका कुटुंबाकडे राहिलो. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीत अशा घरगुती खोल्या पुष्कळ निघाल्या, त्यातलंच हे एक. मुलाखतीच्या दिवशी पोरीला काही जाईना. त्या घरच्या भाभींनी पराठा डब्यात बांधून दिला, "बाद में खा लेना, बेटा." बाहेर पडल्यावर मेट्रो स्टेशनच्या पायरीवर बसून तिने सगळा खाल्ला.

मांडवी:

अशा ठिकाणी सकाळी लवकर पोचलं तर सामान ठेवू देतात का? हॉटेलात विचारायची लाज वाटत नाही, कुणाच्या घरी वाटते.

शनिवारपेठ:

मांडवीताई, अवश्य विचारा. मी दुसऱ्या बाजूने सांगतो, आम्ही पुण्यात अशा दोन खोल्या चालवतो. मुलं परदेशी गेली, वरचा मजला रिकामा पडला, तेव्हा महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेत नाव घातलं. केंद्राचीही अशीच योजना आहे, तिच्यात एक ते सहा खोल्या, फार तर बारा खाटा, असं बसतं. घरमालक त्याच घरात राहायला हवा, ही त्यातली मुख्य गोष्ट, आणि मला तीच योग्य वाटते. परदेशी पासपोर्टचे पाहुणे आले तर चोवीस तासांत फॉर्म भरून सरकारला कळवावं लागतं, म्हणून आम्ही आल्याआल्या पासपोर्ट मागतो. राग मानू नये.

पाहुण्यांनी आम्हाला कळवावं अशा दोनच गोष्टी: येण्याची वेळ आणि पथ्य. आमच्याकडे पोहे रोज असतात. पोहे आयत्या वेळी भिजवावे लागतात, तासभर आधी भिजवून ठेवले की लगदा होतो. म्हणून आमची ही रात्री विचारते, "उद्या किती वाजता बसणार?" आठ म्हणून सांगून साडेनऊला उतरलं की तिची दुसऱ्यांदा कढई चढते. ती बोलत नाही, पण मला दिसतं.

गणपतीत राहायला येणार असाल तर एक आधीच सांगतो. मानाच्या पाचही मिरवणुका आमच्यापासून चालत गाठता येतात, पण विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात, गाडी दारापर्यंत येत नाही, आणि ढोल रात्रभर वाजतात. गेल्या वर्षी चंद्रपूरचं एक जोडपं आलं होतं, लहान बाळ घेऊन. मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, तरी आले. आम्ही मागची खोली दिली, खिडकीला गोधड्या लावल्या. बाळ झोपलं. त्याची आई पहाटे चार वाजता लक्ष्मी रोडवर जाऊन मिरवणूक बघून आली, बाळ हिच्या मांडीवर होतं.

पारिजात:

शनिवारपेठ, काकूंना नमस्कार सांगा. सह्यभ्रमर, तुमचं वाचून लगेच मैत्रिणीला फोन लावला. तिने तिसऱ्या मजल्यावरची खोली धरली होती. आत्ताच तिचा निरोप आला: घरमालकांनी तळमजल्यावरची दिलीय, त्याच दरात. लोणचं कोणतं नेऊ, असं विचारतेय.