लग्नविधीसाठी वादक हवेत, बासरीवाले अडून बसलेत (तातडीने मदत हवी आहे)

वरभगिनी
भावाचं लग्न जवळ आलंय. विधी चालू असताना वादकांनी समोर बसून वाजवावं, रेकॉर्ड लावायची नाही, हे घरात नक्की झालंय. बासरी, व्हायोलिन, तबला असे तिघे ठरत आले होते. आता बासरीवाले म्हणतात, दुपारी उघड्यावर वाजवणार नाही, सूर हलतो. हे खरंच असतं की बिदागी वाढवून घ्यायला सांगतात? परवा आगाऊ रक्कम द्यायची आहे. डीजेचे सल्ले कृपया नकोत.

काळी_चार
खरं असतं. मी स्वतः बासरी वाजवतो. २० अंशाला हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, ३५ अंशाला सुमारे ३५२. हवा तापली की बासरी चढते ती यामुळेच. व्हायोलिनच्या तारा मात्र उन्हाने सैलावतात आणि सूर उतरतो. म्हणजे दोघं उलट दिशेला निघाले. व्हायोलिनवाला खुंटी पिळून जुळवून घेईल, पण बासरीची पट्टी भोकं पाडतानाच ठरलेली असते. फुंकेचा कोन बदलून थोडं सावरता येतं, तासभर नाही. तबलाही उन्हात चढतो, मग विधी चालू असताना हातोडी घेऊन ठोकत बसा!
दुपार म्हणजे किती वाजता? वर मांडव आहे का?

वायरवाला
साऊंड कोणाचं आहे ते आधी सांगा. उघड्यावर बासरीच्या माइकवर वारा आला की नुसती फडफड ऐकू येते, फोमची टोपी लागतेच.

एकच_कळफलक
एवढा घोळ कशाला? एक चांगला कीबोर्डवाला घ्या. बासरी, व्हायोलिन सगळे आवाज त्यात असतात, पट्टी बटणावर बदलते. आमच्या घरच्या दोन्ही कार्यांत हेच केलं, छान झालं.

काळी_चार
कीबोर्डातली बासरी श्वास घेत नाही हो. ताईंना माणसं वाजवताना हवी आहेत, धाग्यात स्पष्ट लिहिलंय.

एकच_कळफलक
कीबोर्ड वाजवणारा माणूस नसतो का? समोरच्याची अडचण सुटली पाहिजे, आपला हट्ट नव्हे.

निवांत७
थोडं अवांतर: मुलाला तबल्याला कितव्या वर्षी घालावं? आठ वर्षांचा आहे, सतत टेबल बडवतो.

पाहुणा_मंडळ
स्वागत समारंभाला गाण्यांची यादी आधी छापून वाटा, फर्माइशींचा गोंधळ होत नाही.

वरभगिनी
स्वागत समारंभाचं विचारलंच नाहीये. मुहूर्त साडेबाराचा, हिरवळीवर, मांडव फक्त वधूवरांपुरता. साऊंड जागेवाल्यांचं. हॉल आहे शेजारी, पण तो जेवणासाठी. त्याला व्हरांडा आहे.

काळी_चार
मग व्हरांड्यातच बसवा की! सावली मिळाली की निम्मी अडचण गेली. वादकांना अर्धा तास आधी वाद्यं उघडून तिथेच बसू द्या, वाद्य त्या हवेला रुळलं की मग जुळवायचं. बासरीवाल्यांना फोन करून एवढंच विचारा: सावली असेल तर याल का? हो म्हणाले तर ते पैशासाठी बोलत नव्हते.

वायरवाला
व्हरांडा मांडवापासून किती लांब? ३४ मीटरवर आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पोचतो. मांडवाजवळ स्पीकर ठेवणार असाल तर पुढच्या लोकांना तो आधी ऐकू येईल आणि व्हरांड्यातला मागून. त्यामुळे वाद्यं हळू, स्पीकरवरच भिस्त. आणि वादकांच्या बाजूला एक छोटा स्पीकर त्यांना स्वतःला ऐकायला मागा. जागेवाले हा हमखास विसरतात.

वरभगिनी
वीसेक पावलं असेल. पण तिथून वादकांना मांडव दिसत नाही, कधी थांबायचं ते कसं कळणार?

तानपुरा_मागे
यावर कोणी बोललंच नव्हतं आणि खरी मेख इथेच आहे. मी अशा कार्यांत तानपुऱ्याला बसते. घरातला एक जाणता माणूस मांडवाच्या कडेला असा उभा करा की तो गुरुजींनाही दिसेल आणि तबलजींनाही. त्याने हात वर केला की तबला थांबतो, बासरी आपोआप सम (तालाची पहिली मात्रा) गाठून थांबते. हे काम नवरदेवाच्या मित्राला देऊ नका, तो फोटोत जातो. आगाऊ रक्कम देताना कागदावर लिहून घ्या: वाजवायची वेळ, मधली विश्रांती, विधी लांबला तर तासाला किती जास्त, आणि कोणी आजारी पडलं तर बदली कोण.

वरभगिनी
फोन केला. सावली असेल तर येतो म्हणाले. हाताची खूण करायला मामा तयार आहेत. छोट्या स्पीकरचं जागेवाल्यांना उद्या विचारते.