हळद लावून पिंपल्स जातात म्हणणाऱ्यांसाठी

धुळेकर_वहिनी: काल एका ताईंनी लिहिलं, रोज रात्री हळद-दूध-बेसन लावा, पिंपल्स, डाग, काळेपणा सगळं जातं, डॉक्टर नुसते लुटतात. वाचून डोकंच फिरलं. माझ्या भाचीनं लग्नाआधी हेच केलं. आधी नुसती खाज, मग गालावर बारीक पुरळ, डोळ्यांच्या पापण्या सुजल्या, आणि घरचे म्हणे घाण बाहेर पडू राहिली, लावत राहा. शेवटी स्किनवाल्या डॉक्टरनं हळदच बंद करायला लावली, ॲलर्जी होती. आणि काळेपणा जातो म्हणजे काय हो? भर मे महिन्यात शेतात राबणाऱ्या पोरीचा रंग हा आजार आहे का? पाहुणे बघायला येणार म्हटलं की पोरीला हळदीत बुडवता, पोराला कुणी बुडवत नाही.

जळगावची_माय: रंगाचं बरोबर बोलली बाई. पण हळदीला नावं ठेवू नको. विळा लागला की आमची सासू चिमूटभर हळद दाबायची, रक्त थांबायचं. अमेरिकेनं 1995 मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं होतं, शास्त्रज्ञ माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं लढून 1997 मध्ये रद्द करून घेतलं. उगाच का?

फार्मसीवाला_भुसावळ: माय, ते पेटंट रद्द झालं कारण ही गोष्ट आपल्याकडे आधीपासून माहीत होती, नवा शोध नव्हता. हळदीनं पिंपल्स जातात हे काही तिथं सिद्ध झालं नाही. हळदीत करक्युमिन, म्हणजे तिचा पिवळा घटक, साधारण 3 टक्के, ते पाण्यात विरघळत नाही, पोटातूनही अंगात फार थोडं जातं, मिरी घातली तर जरा जास्त. चेहऱ्यावर दिसतो तो पिवळा डाग. जखमेवर डब्यातली पूड दाबू नका, स्वच्छ पाण्यानं धुवा.

सातपुडा_शेतकरी: सगळे हळदीवर तुटून पडले, पुडीवर कुणी बोलत नाही! कंद काढायचे, उकडायचे, उन्हात वाळवायचे, ड्रममध्ये घालून पॉलिश करायचे, इतकं करून आमचा माल थोडा फिका दिसला की व्यापारी नाक मुरडतो. मग काही लोक पिवळ्याधमक रंगासाठी लेड क्रोमेट मारतात. त्यात शिसं असतं, लहान पोरांच्या मेंदूला घातक. गिऱ्हाईकालाच चमक लागते तर आम्ही काय करणार? हळकुंडं घ्या अन् चक्कीवर समोर उभं राहून दळून घ्या.

धुळेकर_वहिनी: भाऊ, भाचीची हळद घरचीच होती, हळकुंडं आणून दळलेली. भेसळीवर सगळं ढकलू नका.

सातपुडा_शेतकरी: मी कुठं ढकललं? एका पोरीला त्रास झाला म्हणून पीकच बदनाम करू राहिल्या तुम्ही. उद्या शेंगदाण्याची कुणाला ॲलर्जी निघाली तर ठेचाबी बंद करणार का?

धुळेकर_वहिनी: शेंगदाणे पोरीच्या तोंडाला कुणी जबरदस्तीनं फासत नाही.

जळगावची_माय: भांडू नका रे. पण चक्कीचं ऐकून मला एक सांगायचंय, आमच्या गल्लीतली चक्की मिरची दळून झाली की तशीच हळद दळते, घरी आणून हात लावला तर आग आग. अशी हळद तोंडाला लावली तर कुणाचंही तोंड सुजेल.

चोपडा_कॉलेज: आमच्याकडेबी तेच! आधी मूठभर तांदूळ दळायला लावा, जातं साफ होतं.

जळगावची_माय: तांदळानं काही होत नाही, वास राहतोच. हळद सकाळी पहिली दळायची.

फार्मसीवाला_भुसावळ: मूळ विषय राहिला बाजूला. लावायचीच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस थांबा. खाज आली तर तोंडाला लावू नका. फोड पिकलेले असतील तर डॉक्टरकडे जा.

सातपुडा_शेतकरी: बरं, दोन दिवस थांबायचं मान्य. वहिनी, भाचीला त्रास झाला ते वाईटच, पण हळदीच्या नावानं बोंब नको, वर्षभर राबतो आम्ही तिच्यात.

धुळेकर_वहिनी: तुमची हळद आम्ही वरणात रोज खातो भाऊ, खात राहू. पण पोरीच्या तोंडाला फासायला मी देणार नाही, आणि काल लिहिणाऱ्या ताईंनी ती पोस्ट काढावी.