व्हर्जन मॅनेजरला बॅशआरसीत किती जागा द्यायची?

रात्रपाळी

रात्री दोनला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेतून) चालणारी आमची एक पायथन स्क्रिप्ट सलग तीन रात्री पडली. दिवसा हाताने चालवली की मात्र बिनतक्रार चालायची. चौथ्या रात्री क्रॉनटॅबमध्ये एकच ओळ वाढवली: पाथ, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी, एका फायलीत लिहून ठेव. सकाळी त्या फायलीत एवढंच होतं: '/यूएसआर/बिन:/बिन'. पायथनच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या पायएन्व्हचा मागमूस नाही. माझं टर्मिनल एक पायथन चालवत होतं आणि क्रॉन दुसरंच, आणि ते मला कळायला चार रात्री लागल्या.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. बॅशआरसी, म्हणजे बॅश हे आज्ञा चालवणारं शेल नवी खिडकी उघडताना वाचतं ती, कीबोर्डसमोर बसलेल्या माणसाची फाइल आहे. अलियास, प्रॉम्प्ट, हिस्टरी यांची ती जागा. पायथन, रुबी, नोड यांच्या आवृत्त्या बदलून देणारा प्रत्येक व्हर्जन मॅनेजर तिथे आपल्या चार ओळी घुसवतो, आणि मग प्रत्येक नव्या खिडकीला त्या सगळ्यांची हजेरी लागते. मी सगळं काढून टाकलं. शिम्सच्या (खऱ्या प्रोग्रॅमच्या नावाने मध्ये बसणाऱ्या छोट्या स्क्रिप्टांच्या) फोल्डरची एक ओळ प्रोफाइलमध्ये, म्हणजे लॉगिन करताना वाचल्या जाणाऱ्या फायलीत, ठेवली आणि आवृत्ती प्रकल्पाच्या फोल्डरमधल्या छोट्या फायलीत लिहिली. बस. आरसी फायलीत इव्हॅल (मॅनेजरने छापलेल्या आज्ञा तिथेच चालवणं) नको, फोल्डर बदलताच पाथ बदलणारे हुकही नकोत. तुम्ही काय करता?

काळा पडदा

तुमचा मनस्ताप समजू शकतो, पण आरोपी चुकीचा पकडलाय. क्रॉन बॅशआरसी वाचत नाही तसं प्रोफाइलही वाचत नाही. तुम्ही ओळ इकडून तिकडे हलवलीत, त्याने ती स्क्रिप्ट सुधारली असेल हे शक्यच नाही.

आणि प्रोफाइलचा सल्ला नवीन माणसाला सरसकट देऊ नका. लिनक्सच्या डेस्कटॉपवर टर्मिनलची खिडकी बहुतेक वेळा लॉगिन शेल नसते, म्हणून ती प्रोफाइल वाचतच नाही. माणूस प्रोफाइलमध्ये ओळ लिहितो, नवी खिडकी उघडतो, काहीच बदललेलं नसतं. लॉगआउट करून परत यावं लागतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मग तो तीच ओळ आणखी तीन फायलींत चिकटवतो. खरा गुंता तिथून सुरू होतो.

रात्रपाळी

क्रॉनबद्दल तुमचं बरोबर आहे. स्क्रिप्ट सुधारली ती क्रॉनटॅबमध्ये व्हर्च्युअल एन्व्हमधल्या (प्रकल्पाच्या स्वतंत्र पायथन फोल्डरमधल्या) पायथनचा पूर्ण पत्ता दिल्यावर. मी ते वर लिहायला हवं होतं.

पण म्हणूनच म्हणतो, या फायलींवर भिस्त जितकी कमी तितकं बरं. उबुंटूची मूळ बॅशआरसी उघडून पाहा. अगदी वरच तपासणी आहे: शेल इंटरॅक्टिव्ह (माणूस समोर बसून आज्ञा देतोय असं) नसेल तर इथूनच परत फीर. व्हर्जन मॅनेजरच्या ओळी लोक जोडतात फायलीच्या तळाशी. एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर नुसती एक आज्ञा पाठवली की त्या ओळींपर्यंत शेल पोचतच नाही, आणि सिस्टिमचं पायथन उचललं जातं. एररही येत नाही. चुकीची आवृत्ती निमूटपणे चालते, याची मला खरी भीती वाटते.

नवशिकी

मध्येच विचारते, राग मानू नका. परवा एक साधन इन्स्टॉल केलं आणि दुसऱ्या दिवशी लॉगिन केल्यावर माझे सगळे अलियास गायब. रुबीही जुनी दाखवते. बॅशआरसी उघडून पाहिली तर जशीच्या तशी आहे. काय झालं असेल?

रात्रपाळी

होम फोल्डरमध्ये बॅशप्रोफाइल नावाची नवी फाइल आलीय का बघा. बॅशचं लॉगिन शेल तीन नावं क्रमाने शोधतं: बॅशप्रोफाइल, बॅशलॉगिन, प्रोफाइल. पहिली जी सापडेल तेवढीच वाचतं, बाकीच्यांकडे वळूनही पाहत नाही. तुमच्या बॅशआरसीला आजवर प्रोफाइलच बोलावत होती. इन्स्टॉलरने बॅशप्रोफाइल जन्माला घातली असेल तर प्रोफाइल आता कोणी वाचतच नाही. बॅशप्रोफाइलमधली ओळ प्रोफाइलमध्ये हलवा आणि ती नवी फाइल काढून टाका.

अर्धविराम

मॅकवाल्यांसाठी थोडं लिहितो, कारण तिथे हे सगळं उलटं आहे. 2019 च्या कॅटालिनापासून डिफॉल्ट शेल झेडश आहे आणि टर्मिनलची प्रत्येक खिडकी लॉगिन शेल असते. त्यामुळे रात्रपाळींचा उपाय इथे लगेच लागू पडतो, फक्त प्रोफाइलच्या जागी झेडशची झेडप्रोफाइल. पण ओळ झेडशएन्व्हमध्ये टाकू नका. ती फाइल सगळ्यांत आधी वाचली जाते. तिच्यानंतर इटीसीमधली झेडप्रोफाइल चालते, ती पाथ-हेल्परला बोलावते, आणि तो सिस्टिमचे फोल्डर पुढे आणून तुमचे शिम्स मागे ढकलतो.

मी स्वतः यात आठवडाभर अडकलो होतो. पाथमध्ये तेच फोल्डर पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून अट घातली होती: शिम्स आधीच असतील तर जोडू नको. साध्या खिडकीत उत्तम चालायचं, टीमक्समध्ये (एका खिडकीत अनेक टर्मिनल चालवणाऱ्या साधनात) गेलं की जुनी रुबी. टीमक्स आत परत लॉगिन शेल उघडतो. पाथ-हेल्परने क्रम फिरवलेला असायचा, आणि माझी अट म्हणायची की शिम्स आहेत की, जोडायचं कशाला! शेवटी अट काढली, 'टाइपसेट -यू पाथ' लिहिलं आणि शिम्स बिनशर्त पुढे जोडले. जुनी नोंद झेडश आपणहून गाळतं.

काळा पडदा

बघा, म्हणजे 'प्रोफाइलमध्ये एक ओळ' हेसुद्धा वाटतं तितकं सोपं नाही.

आता शिम्सबद्दल. शिम म्हणजे बॅशची छोटी स्क्रिप्ट. तुम्ही पायथन म्हणता, ती आधी जागी होते, या फोल्डरपासून वरपर्यंत आवृत्तीची फाइल शोधते आणि मग खऱ्या पायथनला हाक मारते. प्रत्येक वेळी. संपादक दिवसभर मागे लिंटर (कोडमधल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम) चालवत असेल तर हा खर्च प्रत्येक वेळी बसतो. शिवाय 'विच पायथन' विचारलं तर शिमचा पत्ता मिळतो, खऱ्या पायथनचा नाही. माझ्या टीममध्ये नव्या माणसाला हे दर वेळी समजावून सांगावं लागतं.

हुकचं तसं नाही. फोल्डर बदलला, प्रॉम्प्ट आला, पाथ बदलला. पुढे चालतं ते थेट खरं पायथन, विचारलं तर उत्तरही खरं. मी मिस हा व्हर्जन मॅनेजर वापरतो आणि झेडशआरसीत त्याची एकच ओळ आहे. दिवसात आठ-दहा प्रकल्पांतून फिरणाऱ्याला ही सोय सोडा म्हणणं मला पटत नाही.

रात्रपाळी

शिमचा खर्च मान्य. 'विच'चंही मान्य, म्हणून मी 'पायएन्व्ह विच' विचारतो. पण हुक पाथ बदलतो तो प्रॉम्प्ट येतो तेव्हा. स्क्रिप्टमध्ये प्रॉम्प्ट येत नाही. तुमच्या स्क्रिप्टने मध्येच दुसऱ्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उडी मारली तर पाथ पहिल्याच प्रकल्पाचा राहतो. शिम तिथेही बरोबर उत्तर देतो. सोय आणि खात्री यांत मला खात्री हवी, कारण रात्री दोनला फोन मला येतो.

आणि एनव्हीएम (नोडचा व्हर्जन मॅनेजर) वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. ते मुळात प्रोग्रॅम नाही, शेलचं फंक्शन आहे. हजारो ओळींची फाइल प्रत्येक खिडकीत सोर्स होते. वेळ वाचवायला लोक ते उशिरा लोड करतात, आणि मग संपादकाला नोडच सापडत नाही.

नवशिकी

बॅशप्रोफाइल खरंच आली होती, आत एकच ओळ. सांगितलंत तसं केलं, लॉगआउट करून परत आले. 'टाइप -ए रुबी' विचारलं तर दोन ओळी येतात: आधी शिम्सची, खाली सिस्टिमची. अलियासही परत आले. पण माझ्या रेल्सच्या कामाला हुक घेऊ की शिम्स?

काळा पडदा

रुबीला आरबीएन्व्ह हा शिम्सवाला व्हर्जन मॅनेजर आहेच तुमच्याकडे, तर सध्या शिम्सच राहू द्या. तीन भाषा झाल्या की माझ्याकडे या.

रात्रपाळी, हुक मी काढणार नाही. पण तुमचं वाचून आज सगळे क्रॉन उघडले. सहापैकी दोन सिस्टिमच्याच पायथनवर चालत होते, कधीपासून देव जाणे. दोन्हींना पूर्ण पत्ता दिलाय.