एसीचा गॅस दरवर्षी का संपतो? तांब्याचा पूर्ण पाइप बदलावा का?

खाडीकाठ:
रत्नागिरीत राहतो. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, आर-३२ गॅस. दोन वर्षांत तीनदा गॅस भरला. दर वेळी मेकॅनिक नट आवळतो, गॅस भरतो, जातो. परवा मीच साबणाचा फेस लावला, तर आतल्या युनिटच्या जाड पाइपच्या नटापाशी बुडबुडे आले. आता तो म्हणतो, सगळा पाइप नवा टाका. टाकू का?

चारसुती:
पाइप ठेवा, तोंड नवं करून घ्या. एकवीस वर्षं हेच काम करतोय. एसीतला गॅस खर्च होत नसतो; संपला म्हणजे कुठूनतरी गेला.

तो नट आणखी आवळू देऊ नका. पाइपचं जुनं तोंड कटरने कापलं की आतल्या कडेला तांब्याची धार उभी राहते. ती रीमरने, म्हणजे धार खरवडायच्या हत्याराने काढायची, आणि काढताना पाइपचं तोंड खाली धरायचं, नाहीतर कीस आत पडतो. शिकाऊ असताना मी तोंड वर धरून रीमर फिरवला होता. उस्तादांनी तो अख्खा पाइप माझ्याकडून परत काढून घेतला. आज माझ्या पोरांना मी तेच करायला लावतो.

नट आधी पाइपात घाला, मग फ्लेअर, म्हणजे पाइपचं तोंड कर्ण्यासारखं पसरवा. फ्लेअर झाला की उजेडाकडे धरून बघा. आतली उतरण गुळगुळीत आणि कड सगळीकडे सारखी हवी. ओरखडा दिसला तर कापा, पुन्हा करा. तेलाचा एक थेंब लावून नट आधी हाताने बसवा, मग दोन पाने लावून आवळा. चार सुती (अर्धा इंच) जाड पाइपला साधारण ५० ते ६० न्यूटन-मीटर जोर, दोन सुती (पाव इंच) बारीक पाइपला १४ ते १८. टॉर्क पाना (आवळायचा जोर मोजणारा) नसलेला माणूस अंदाजाने जोर लावतो, आणि तांबं तिथेच पातळ होतं.

मग गळती तपासायला नायट्रोजन. मी ४०० पीएसआय दाबाला भरून रात्रभर ठेवतो. ऑक्सिजन कधीच नाही! आतल्या तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. शेवटी व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढायची, आतला दाब ५०० मायक्रॉनच्या खाली जाईपर्यंत. पंप बंद केल्यावर काटा चढायला नको.

मांडवीपार:
आमच्याकडे पितळी नटच तडकलेला निघाला. तोही बदलून घ्या.

खाडीकाठ:
तोंड कापल्यावर पाइप दोन-तीन इंच कमी पडेल. आणि उरलेला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून ठेवू म्हणतोय.

चारसुती:
गळती असताना ओढायचा नाही. नटातून हवा आत खेचली गेली तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढायला सांगा. पाइप कमी पडला तर तुकडा ब्रेझिंगने (ज्योतीने तापवून, धातू वितळवून) जोडता येतो, पण पाइपमधला गॅस पूर्ण काढल्यावरच, कारण आर-३२ पेट घेतो. जोडताना आतून नायट्रोजन हळू सोडत राहायचा. तो नसेल तर आत काळी पापडी धरते आणि पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅसचा दाब उतरवणाऱ्या झडपेत) जाऊन अडकते. जोडणाऱ्याकडे नायट्रोजनचा सिलिंडर दिसला नाही, तर काम सुरू करू देऊ नका.