विमानातली दुर्बीण बंद केली, ते बरोबर झालं का?

दुर्बीणवेडा: 'सोफिया' म्हणजे बोइंग 747 च्या शेपटीकडच्या भागात, उघड्या दारातून आकाश बघणारी अडीच मीटरची दुर्बीण. 2022 च्या सप्टेंबरात तिचं शेवटचं उड्डाण झालं. दूर-अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारा, लांब तरंगलांबीचा प्रकाश) हवेतली वाफ खाली पोचूच देत नाही, म्हणून हा 12-13 किलोमीटर उंचीचा खटाटोप. दुर्बीण गेल्याचं मला तितकं वाईट वाटत नाही. उपकरणं घडवायची जागा गेली याचं वाटतं. तिच्यावरचा 'ग्रेट' वर्णपटमापी (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणारं उपकरण) आधी एका वेळी आकाशातला एकच ठिपका मोजायचा. पुढे त्याच्याच 'अपग्रेट' या रूपात 14 आणि 7 संवेदकांचे संच बसले. विमान उतरलं की पान्हा घेऊन आत शिरता येतं. उपग्रहाचं तसं नाही.

हिशेबी: असहमत. वर्षाला सुमारे साडेआठ कोटी डॉलर, तेही रात्रीच्या नऊ-दहा तासांसाठी! 'गस्टो' हा दुर्बीण नेणारा फुगा 2023 च्या 31 डिसेंबरला अंटार्क्टिकावरून सुटला तो 57 दिवस वरच होता. शिवाय विमानापेक्षा कितीतरी उंच. पान्ह्याचं कौतुक पुरे.

दुर्बीणवेडा: फुग्यावरची दुर्बीण जेमतेम 0.9 मीटरची. बारीक तपशील कुठून दिसणार?

रेषाशोधक: दोघंही हेलियम हायड्राइड विसरलात. विश्वातला पहिला रेणू हाच असं मानतात, पण आकाशात तो सापडत नव्हता. त्याची रेषा, म्हणजे वर्णपटातली ओळखखूण, 149.1 मायक्रॉन तरंगलांबीवर (वारंवारतेत 2.01 टेराहर्ट्झ) आणि अगदी खेटून सीएच (कार्बन-हायड्रोजन) रेणूच्या रेषा. 'आयएसओ' उपग्रहाच्या वर्णपटमापीला त्या वेगळ्या करता आल्या नाहीत. 'हर्शेल' या अवकाश दुर्बिणीवरचा 'हायफाय' वर्णपटमापी बारीक मोजणारा, पण त्याची धाव 1.9 टेराहर्ट्झपर्यंतच आणि ही रेषा 2.01 वर. एवढ्याशा फरकाने हुकलं! उपग्रह उडाल्यावर हा पल्ला वाढवणार कोण? शेवटी 'ग्रेट'नेच ती एनजीसी 7027 या तेजोमेघात पकडली. 2019 मध्ये जाहीर झालं.

हिशेबी: हे मान्य, मुद्दा जबरी आहे. पण एका रेषेसाठी अख्खं जंबो विमान पोसायचं? तेच उपकरण फुग्याला टांगा.

रेषाशोधक: टांगा की! फक्त बर्फावर आदळल्यावर ते पुन्हा वापरण्याजोगं राहील याची हमी तुम्ही द्या.