मोठे इतिहास-संग्रहालय आणि हाताशी एकच दिवस: आपली आखणी, आपला अनुभव

मोठे संग्रहालय पाहायला एकच दिवस मिळतो तेव्हा तो कसा आखावा, याविषयीचे प्रत्यक्ष अनुभव एका ठिकाणी यावेत म्हणून हा धागा काढत आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि त्यांतल्या सुमारे ८० हजारच एका वेळी मांडलेल्या असतात. तेवढ्यांपुढेही प्रत्येकी अर्धा मिनिट थांबायचे म्हटले, तर रोज सात तास पाहूनसुद्धा तीन महिने पुरणार नाहीत. सगळे पाहण्याचा विचार त्यामुळे बाजूलाच ठेवावा लागतो आणि काय सोडायचे हा प्रश्न उरतो. आपण काय सोडले, ते कशाच्या आधारे ठरवले आणि दिवस कसा गेला, हे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

मी जाण्यापूर्वी दालनांची यादी करत नाही, एक प्रश्न ठरवते. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले ती हडप्पा संस्कृतीतली माणसे अंगावर काय घालत असत, एवढाच प्रश्न घेऊन. त्यामुळे मणी, बांगड्या आणि मृण्मूर्ती यांच्यापुढे मनसोक्त वेळ देता आला आणि इतर दालने सोडून देताना चुटपुट लागली नाही. मोहेंजोदडोची नर्तकी पाठ्यपुस्तकातल्या चित्रामुळे मोठी वाटते. प्रत्यक्षात ती कांस्यमूर्ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंच आहे आणि घाईतली माणसे तिच्यासमोरून तशीच पुढे जाताना मी पाहिली. डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला, कमरेवर टेकवलेल्या उजव्या हातात मात्र मोजक्याच, आणि गळ्यात हार. माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेवढ्याशा मूर्तीत होते.

विद्यार्थ्यांना घेऊन जाणारा एक इतिहास-शिक्षक:

धागाकर्त्या ताईंची प्रश्नाची पद्धत मुलांच्या बाबतीत आणखी उपयोगी पडते, फक्त प्रश्न मुलाने स्वतः निवडलेला असावा. प्रत्येकाला एकच वस्तू निवडून तिचे चित्र काढायला सांगितले की मूल तिच्यापुढे वीस-वीस मिनिटे बसते. नुसते ‘नीट पहा’ म्हणून ते दोन मिनिटेही थांबत नाही. कित्येक संग्रहालये दालनात पेनची परवानगी देत नाहीत, म्हणून पेन्सिली न्याव्यात.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयाचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. तिथल्या प्रसिद्ध संगीत-घड्याळातून दर तासाला एक छोटा पुतळा बाहेर येऊन टोल देतो आणि ते पाहायला बरेच आधीपासून गर्दी जमू लागते. आम्ही वेळापत्रकच त्या टोलांभोवती बांधले: एका टोलाला सगळे घड्याळापुढे, आणि बाकीच्या टोलांच्या वेळी, आवार भरलेले असताना, मुले निवांत झालेल्या दालनांत.

व्हीलचेअरवरील वडिलांसोबत गेलेली एक वाचक:

आमची सगळी आखणी नकाशावरच झाली. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचा मजल्यांचा नकाशा छापून घेतला आणि त्यावर लिफ्ट, स्वच्छतागृहे आणि बसायची बाके यांच्यावर रंगीत खुणा केल्या. जुन्या भव्य इमारतींची मुख्य द्वारे बहुधा उंच पायऱ्यांची असतात आणि व्हीलचेअरचा उतार भलत्याच बाजूला असतो, म्हणून आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी विचारल्या: उताराचे प्रवेशद्वार कोणते, लिफ्ट सर्व मजल्यांवर जाते का आणि संग्रहालयाची स्वतःची व्हीलचेअर मिळते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तरी आम्ही आमचीच नेली, कारण बाबांना तिची सवय आहे.

नंतर सर्वांत वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. बहुतेक लोक तळमजल्यावरच रेंगाळतात, त्यामुळे सकाळी वर शांतता असते आणि अंगात त्राण असेतो अवघड भाग उरकतो. बाबा आयुष्यभर नाण्यांचे वेडे. नाण्यांच्या पेट्या टेबलासारख्या सपाट होत्या आणि बसलेल्या माणसाला काचेवरच्या प्रकाशापलीकडे काहीच दिसत नव्हते. तिथल्या सेविकेने ते पाहिले आणि न सांगता भिंतीवरच्या उभ्या पेटीकडे नेले, जिथे त्याच राजवटीची नाणी डोळ्यांच्या रेषेत मांडलेली होती. बाबा एकेका नाण्यावरची अक्षरे मोठ्याने वाचत राहिले आणि आम्ही दुपारची दोन दालने आनंदाने रद्द केली.

संग्रहालयशास्त्राचा एक अभ्यासक:

वरच्या अनुभवाला एक जुना आधार आहे. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ मध्ये ‘संग्रहालयातील थकवा’ या विषयावर लेख लिहिला. वस्तू पाहण्यासाठी वाकणाऱ्या, मान वळवणाऱ्या, ओणव्या होणाऱ्या प्रेक्षकाची छायाचित्रे काढून त्यांनी दाखवून दिले की हा शीण बराचसा सदोष मांडणीमुळे येतो. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी गुडघ्याच्या उंचीवर लावलेले माहितीफलक आजही भेटतात. आपण थकलो यात आपल्या आवडीचा काही दोष नाही, हे ध्यानात घेऊन दर तासाभराने बसावे.

कागद आणि वस्त्रे यांच्या जतनाचे काम करणारी:

लघुचित्रे, हस्तलिखिते आणि जुनी वस्त्रे यांच्या दालनात अंधार फार, अशी तक्रार नेहमी कानी येते. त्या वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत. भर उन्हात हाच आकडा एक लाखापर्यंत जातो. प्रकाशाने उडालेला रंग परत आणता येत नाही आणि प्रत्येक तासाची झीज आधीच्या झिजेत मिळत जाते. म्हणून उन्हातून आल्या आल्या अशा दालनात जाऊ नये. आधी दगडी शिल्पे पाहावीत, डोळे सरावले की मग इकडे वळावे, म्हणजे शेल्याच्या काठातली जरसुद्धा दिसू लागते. याच कारणाने अशा वस्तू काही महिने मांडून पुन्हा अंधारात विसाव्याला ठेवतात, तेव्हा एखाद्या ठरावीक चित्रासाठीच जाणार असाल, तर ते सध्या मांडलेले आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

एक नियमित प्रवासी:

साप्ताहिक सुट्टी सर्वत्र सारखी नसते: दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी, पॅरिसचे लूव्र मंगळवारी, सालारजंग शुक्रवारी बंद असते. वेळ नेमून दिलेले तिकीट असल्यास बाहेर पडून पुन्हा आत येता येते का, तेही पाहावे.

वंशावळी आणि जुनी कागदपत्रे जमवणारा:

मी शेवटचा तास नव्या दालनाला देत नाही. सकाळी आवडलेल्या मोजक्या वस्तूंकडे परत जातो आणि वस्तूबरोबर तिच्या फलकाचाही, परवानगी असल्यास फ्लॅशशिवाय, फोटो घेतो, कारण फलकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नोंद क्रमांक असतो. ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉन या अथेन्सच्या प्राचीन ग्रीक मंदिराच्या शिल्पांचा क्रमांक १८१६ने सुरू होतो. ती त्याच वर्षी संग्रहालयात आली. वस्तू कधी घडली हे फलकावर मोठ्या अक्षरांत सांगितलेले असते, ती इथे कधी आली हे बरेचदा या क्रमांकातून कळते, आणि संग्रहालयाची सूची संकेतस्थळावर असेल तर तोच क्रमांक घालून ती कोणाकडून आली, कुठे सापडली, हेही घरी निवांत वाचता येते.