मावशी एकट्या विजय चव्हाणांची नव्हती (कालच्या पोस्टला उत्तर, जरा लांबलंय)

तिसरी_घंटा

विजय चव्हाणांनी 'मोरूची मावशी' नाटकात गाजवलेली मावशीची, म्हणजे लुगडं नेसलेल्या पुरुषाची, भूमिका भरत जाधवने केली. त्यावर काल 'चाळकरी' यांनी इथे लिहिलं, "मावशी २०१८ साली विजय चव्हाणांबरोबरच गेली. भरत जाधवने तिच्या लुगड्याला हात लावू नये. आधी मोरूची मावशी, मग तू तू मी मी. स्वतःचं नवं काही सुचत नाही का?" त्याखाली 'अगदी मनातलं बोललात' म्हणणाऱ्यांची ही रांग. दोन ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

अहो, विजय चव्हाणांची मावशी हेच मुळात पुनरुज्जीवन होतं! अत्र्यांनी ब्रँडन थॉमसच्या 'चार्लीज आंट'वरून नाटक बेतलं, ते १९४७ साली रंगमंचावर आलं, तेव्हा मावशी होते बापूराव माने. सुयोग या नाट्यसंस्थेने ते पुन्हा काढलं १९८५ मध्ये. बापूरावांना पाहिलेली मंडळी तेव्हा हयात होती आणि त्यांनीही नाकं मुरडली असणारच. सुयोगच्या सुधीर भटांनी त्यांचं मनावर घेतलं असतं तर तुम्हाला तुमचे विजय चव्हाण दिसलेच नसते.

आता खरा राग. तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये दिलीप कोल्हटकरांचं नाव नाही. नाटक बसवलं त्यांनी. संगीतकार अशोक पटकींचं नाव नाही, आणि 'टांग टिंग टिंगाक्' मात्र तुम्ही शेवटी टाकलंयत. संचातले प्रदीप पटवर्धन नाहीत, प्रशांत दामले नाहीत. फार्समध्ये लाफ्टर नेहमी वाक्य बोलणाऱ्याला मिळतो असं नाही. मावशी पदर सावरत कोचावर ऐसपैस बसते, पाय फाकवून, आणि आपण हसतो ते शेजारी मोरूचा चेहरा उतरतो म्हणून. तो चेहरा अर्धा क्षण उशिरा उतरला की लाफ्टर गेला. म्हणून नव्या संचाबद्दल बोलायचं तर बाकीचे कोण आहेत आणि बसवलंय कुणी, हे आधी विचारा. 'विजय की भरत' हा प्रश्नच चुकीचा आहे.

चाळकरी

बरं, कोल्हटकरांचं नाव राहिलं. लिहितो: दिलीप कोल्हटकर, दिलीप कोल्हटकर, दिलीप कोल्हटकर. झालं समाधान? आता मुद्द्यावर या.

माझी आई आयुष्यात फारशी नाटकं बघू शकली नाही. मिलचा संप झाल्यावर आमच्याकडे तिकिटाला पैसे कुठले? मामाने एकदा शिवाजी मंदिरला नेलं, बाल्कनीत शेवटच्या रांगेत. मावशी पहिल्यांदा वळून बघते तिथे आई एवढी हसली की पुढच्या बाई वळून बघायला लागल्या. संप, बाबांची नोकरी, सगळं विसरून हसली. तुम्ही मला दिग्दर्शन शिकवताय. आईने दिग्दर्शन नाही पाहिलं, विजय चव्हाणांना पाहिलं.

आणि एकाच माणसाच्या दोन गाजलेल्या भूमिका दुसऱ्या एकाच माणसाने उचलायच्या, याला योगायोग म्हणत नाहीत, गल्ला म्हणतात.

परळचा_पोरगा

चाळकरी, तुम्ही आमच्याच बाजूचे दिसता म्हणून जपून बोलतो. भरतही लालबाग-परळचाच. बाप टॅक्सी चालवायचा. शाहीर साबळेंच्या 'महाराष्ट्राची लोकधारा' कार्यक्रमात नाचत वर आला, केदार शिंदे आणि अंकुश चौधरीबरोबर. त्याने विजूमामांची भूमिका करायची नाही तर कुणी करायची? आणि 'नवं सुचत नाही'? २००२ साली सही रे सही आलं तेव्हा तुम्ही कुठे होता? एका नाटकात चार भूमिका, त्यातला गलगले अजून लोकांच्या तोंडात आहे. त्याच्याकडे स्वतःचं नव्हतं म्हणून तो दुसऱ्याचं घेतोय, हे निदान भरतबद्दल तरी बोलू नका.

'तू तू मी मी', एकाच नटाच्या १४ भूमिकांचं, ते तर केदार शिंदेचंच नाटक. ज्याचं त्याने पुन्हा काढलं. यात चोरी कुठे आली?

कोथरूडची_नाट्यवेडी

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. पुनरुज्जीवन कसं करावं याचा वस्तुपाठ सुनील बर्वेंनी २०१० मध्ये घालून दिलाय. त्यांचा हर्बेरियम हा उपक्रम. पाच जुनी नाटकं, नवा संच, नामवंत दिग्दर्शक, आणि प्रत्येकाचे फक्त २५ प्रयोग. मग बंद म्हणजे बंद. त्यात 'झोपी गेलेला जागा झाला' होतं, बबन प्रभूंचं. तिथे कुणी म्हणालं नाही की बबन प्रभू-आत्माराम भेंडे जोडीचा अपमान झाला. कारण हेतू स्वच्छ होता. २५ प्रयोग म्हणजे मानवंदना. त्याच्यापुढे धंदा.

चाळकरी

@कोथरूडची_नाट्यवेडी, बघा, मी हेच म्हणत होतो.

तिसरी_घंटा

तुम्ही हे अजिबात म्हणत नव्हता. तुम्ही 'हात लावू नये' म्हणत होता. त्या पंचवीस वेळा लावा म्हणतायत.

आणि नाट्यवेडीताई, २५ प्रयोग पाहिले कुणी? मुंबई-पुण्याच्या लोकांनी. सांगली, जळगाव, चिपळूणच्या वाट्याला काय आलं? व्यावसायिक रंगभूमीत 'धंदा' ही शिवी कधीपासून झाली? सुयोगने विजय चव्हाणांना घेऊन दोन हजारांवर प्रयोग केले, ती काय मानवंदना होती? तोही धंदाच. चोख धंदा.

विंगेतला

मी वाचत बसलो होतो, पण १४ भूमिकांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी काही वर्षं बॅकस्टेज केलंय, कंपनीचं नाव सांगत नाही. मोठ्या संचाचं विनोदी नाटक होतं, मुख्य नटाला बरीच वेशांतरं.

प्रेक्षकाला दिसतं की नट डावीकडून गेला आणि उजवीकडून दुसराच होऊन आला. मधे काय होतं ते सांगतो. विंगेत एका खुर्चीवर कपडे उलट्या क्रमाने रचलेले असतात, आधी लागणारा सगळ्यात वर. साडी नेसत कुणी बसत नाही, ती शिवलेली असते, पाठीमागे वेल्क्रो. एक जण खाली बसून पायातलं बदलतो, एक जण मागून शर्ट खेचतो, तिसरा तोंडात पिना धरून विगशी झटतो. उजेड म्हणजे मुठीत दाबलेली छोटी बॅटरी. नट त्या वेळी काहीच करत नाही, हात पसरून उभा राहतो आणि पुढचं वाक्य पुटपुटतो. आणि या सगळ्या वेळात रंगमंचावर दुसरा नट जागा भरत असतो. वेल्क्रो अडकला तर तो दोन वाक्यं पदरची घालतो, अॅडिशन घेतो, तुम्ही त्यालाही हसता.

त्या तीन माणसांचं नाव जाहिरातीत कधी बघितलंय? नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, काय मिळते माहितीय? विजय मोठा की भरत मोठा यावर हाणामाऱ्या करा खुशाल.

रत्नांग्रीकर

वेशांतराचा विषय निघालाच आहे तर बोलतो. याच तू तू मी मी चा प्रयोग २०२३ च्या मे महिन्यात आमच्या सावरकर नाट्यगृहात झाला. एसी बंद. मे महिना, कोकण, आणि त्यात एवढी वेशांतरं. भरत जाधव प्रयोगानंतर उघड बोलला, पुन्हा रत्नागिरीत प्रयोग करणार नाही म्हणाला. बातमी सगळीकडे झाली. घाम गाळला त्याने, मान्य. पण शिक्षा कुणाला? आम्हांला! आम्ही पण त्याच भट्टीत बसलेलो, आणि वर तिकीट काढून. एसी काय प्रेक्षकांनी बंद केला होता?

मुलुंडचा_मामा

एसी सोडा हो, प्रसाधनगृहांचं बोला. मध्यंतर पंधरा मिनिटं, बायकांची रांग तिसऱ्या घंटेपर्यंत. माझी बायको दुसऱ्या अंकाची सुरुवात कधी बघतच नाही. नाटक कुठलंही असो.

रत्नांग्रीकर

आणि डास राहिले.

अंबाबाईचा_गाववाला

तुमच्याकडे एसी बंद पडला, आमच्याकडे २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृहच जळालं. बोला आता.

परळचा_पोरगा

आमचं दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये बंद झालं. परळच्या माणसाला नाटक बघायला आता परळबाहेर जावं लागतं, यासारखा विनोद अत्र्यांना पण सुचला नसता.

मुलुंडचा_मामा

दामले आता नाट्य परिषदेचे अध्यक्ष आहेत ना? १२,५०० च्या वर प्रयोग केलेला माणूस. प्रत्येक नाट्यगृहाचा नळ न् नळ त्यांना माहीत असणार. त्यांनी काय केलं?

तिसरी_घंटा

मामा, बहुतेक नाट्यगृहं पालिकांची असतात, परिषदेची नाहीत. दामले काय पाना घेऊन नळ दुरुस्त करणार? आणि कृपा करून याच्यासाठी वेगळा धागा काढा.

मुलुंडचा_मामा

का? तुम्हाला 'टीम'च पाहिजे होती ना? स्वच्छतागृह धुणारा माणूस टीममध्ये येत नाही का? का टीम विंगेपाशी संपते?

रत्नांग्रीकर

मामा एक नंबर.

मी तर म्हणतो, नटाने 'येणार नाही' म्हणण्यापेक्षा पडदा उघडण्याआधी सांगायचं होतं, एसी सुरू झाल्याशिवाय प्रयोग नाही. आम्ही त्याच्या बाजूने उभे राहिलो असतो. प्रयोग करून गल्ला घ्यायचा आणि वर गावाला नावं ठेवायची, हे पटलं नाही. अजून नाही पटलं.

परळचा_पोरगा

प्रयोग रद्द केला असता तर 'माज आलाय' म्हणून पहिली पोस्ट तुमचीच असती. कॉन्ट्रॅक्टरचे पैसे अडकलेले, लोक गाड्या करून खेड्यांतून आलेले. तो खेळला, घामाने निथळत खेळला, आणि बोलला म्हणून निदान नगरपालिकेला विचारणा तरी झाली. बाकीचे नट गप्प बसून पाकीट घेऊन जातात, ते तुम्हाला चालतात.

रत्नांग्रीकर

मुंबईत बसून कोकणाला शहाणपण शिकवणं बंद करा आधी.

न्यूजर्सीचा_नंदू

आमची कुणी कीव करा. इथे दौऱ्यावर येतं ते नाटक म्हणजे नाटकाचा सांगाडा. व्हिसा आणि विमानभाड्यापायी संच कापलेला, दोन भूमिका एकात घातलेल्या, नेपथ्य म्हणजे शाळेच्या हॉलमध्ये मंडळानेच उभा केलेला कोच. मागे एका जुन्या विनोदी नाटकाचा प्रयोग झाला, नाव घेत नाही. मुख्य नट उत्तम, पण समोर ज्याने दचकायचं तो ऐनवेळी बसवलेला स्थानिक हौशी कलाकार. दचकायचा, पण वाक्य यायच्या आधीच. अख्खा पहिला अंक शांततेत गेला. त्यामुळे तिसरी_घंटा यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. तुमच्याकडे चांगला संच आहे तर कोण कुणाच्या जागी आलं म्हणून भांडताय.

चाळकरी

नंदूशेठ, तुमचं दुःख समजलं. पण वाक्याआधी दचकणाऱ्या माणसावरून भरत जाधव मावशी म्हणून योग्य, हे कसं सिद्ध झालं?

माझा साधा प्रश्न आहे, उत्तर कुणी देत नाहीये. नवा मावशी झालेला नट समजा विजय चव्हाणांसारखंच चालला, तसंच बसला, तसंच 'टांग टिंग' नाचला, तर ती नक्कल. आणि वेगळं केलं तर लोक म्हणणार, ही मजा नाही. मग करायचंच कशाला?

कोथरूडची_नाट्यवेडी

हा प्रश्न मात्र बरोबर आहे.

तिसरी_घंटा

प्रश्न बरोबर, म्हणून उत्तर देतो. विजय चव्हाणांनी तरी काय केलं? ते 'हयवदन'मधून, 'टूरटूर'मधून आलेला नट. लक्ष्मीकांत बेर्डेनेच मावशीसाठी त्यांचं नाव सुधीर भटांना सुचवलं, असं सांगतात. म्हणजे तेव्हाही कुणीतरी डोकं लावून संच जमवला होता. स्त्री पार्टाची जुनी घराणेशाही त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी बाई उभी केली नाही, बाईचा वेश घेतलेला वैतागलेला पुरुष उभा केला. पुरुष आत सतत जागा राहिला म्हणून ते खपलं. संहितेतच ती जागा आहे. मावशी बाई वाटली की फार्स संपला. आता भरतकडे स्वतःचा वैताग आहे. गलगले आठवा, त्याचं ते धांदरट, घाईचं बोलणं. ते मावशीत उतरलं तर ती त्याची मावशी. नाही उतरलं तर तुम्ही खुशाल शिव्या घाला, मी सोबत येतो. पण बघून. तुम्ही बघितलंय का?

चाळकरी

नाही बघितलं. बघणारही नाही.

परळचा_पोरगा

बास! एवढं रामायण आणि यांनी बघितलंच नाही!

चाळकरी

न बघण्याचं कारण सांगितलंय वर. आईचं वाचलं नसेल तर पुन्हा वाच. मला ते हसू तसंच ठेवायचंय. ते माझं आहे, त्याला तिकीट लागत नाही. तुम्हाला जायचंय तर जा, मी नाट्यगृहाच्या दारात आडवा पडलेलो नाही.

तिसरी_घंटा

हे कालच लिहिलं असतं तर धागाच निघाला नसता. 'मला बघवत नाही' आणि 'कुणी करू नये' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चाळकरी

ठीक आहे. 'कुणी करू नये' मागे. 'जाहिरातीत फक्त एकाचा चेहरा लावू नये' पुढे. यावर तरी एकमत करा.

विंगेतला

माझं आहे. तिन्ही वेल्क्रोवाल्यांसकट.

मुलुंडचा_मामा

आणि प्रसाधनगृहाचं काय ठरलं?

रत्नांग्रीकर

मामा, मी वेगळा धागा काढलाय. 'कोकणातली नाट्यगृहं: फोटोसकट'. तिकडे या, पुरावे घेऊन या. मुंबईकरांनी आलात तर आधी वाचा, मग बोला.